खण-नारळाची चौकशी

अप्पा,

लातूरला तुमच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं तेव्हा मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. "अप्पा मोठ्या मनाचे होते. त्यांची उणीव भासत राहील." ही वाक्यं कुणाच्याही शोकसभेत चालतात. शेजारच्या माणसानं पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याला वाटलं, मला गहिवरून आलं. मला गहिवरलं नव्हतं, मला घाम फुटला होता, कारण माझ्या आधी बालाजी बोलून गेला होता.

हा बालाजी म्हणजे तुमच्या दुकानावर येऊन बसणारा, विम्याच्या धंद्यातल्या खाचाखोचा तुम्हाला विचारणारा लातूरचा एजंट. मनापासून बोलला तो. म्हणाला, "अप्पांचा हात लई सढळ. गिऱ्हाइकाला मोकळ्या हातानं कधी लावून दिलं न्हाई. कमिशनमधलं वाटलं म्हणून कंपनीनं एजन्सी काढून घेतली, तरी ह्या माणसाला त्याचा पस्तावा न्हवता. आमी शिकावं असा माणूस!" हॉलभर माणसांनी माना डोलवल्या. कुणीतरी मागून "खरं हाय" म्हणालं. पहिल्या रांगेत तुमची लेक गिरिजा बसली होती. तिनं मान खाली घातली.

त्या हॉलमध्ये हे खोटं आहे हे माहीत असलेला माणूस मी एकटा होतो. तुम्ही कुणालाही कमिशनमधला एक रुपयासुद्धा परत दिला नव्हता. मी दिला होता. शिक्षा तुम्हाला झाली, आणि आता तीच तुमची कीर्ती होऊन बसली आहे.

तुम्ही लिंगैक्य होऊन आज अकरा दिवस झाले. माझं वय आता असं आहे की गोष्टी पुढे ढकलण्यात अर्थ नाही. पण लिहायला बसलो की काय आधी आणि काय नंतर, तेच कळेनासं होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "माधवराव, फॉर्म भरल्यासारखं लिवा. आधी नाव, मंग बाकीचं." बरं, तसंच लिहितो.

मी माधवराव, तेव्हा नांदेडच्या शाखेतला विकास अधिकारी. माझ्या हाताखाली वीसेक एजंट. ते जितका विमा आणतील त्यावर माझी बढती आणि शाखेतलं माझं वजन. तुम्ही त्यांतले एक. बसलिंगप्पा, मूळचे उदगीरचे, कपाळाला विभूती, सायकलच्या हँडलला कापडी पिशवी. मार्च महिना आला की बाकीचे एजंट एकच हत्यार काढायचे. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर एजंटाला भरपूर कमिशन असतं. त्यातलं अर्धं गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचं, नाहीतर सरळ पहिला हप्ताच आपण भरून टाकायचा. गिऱ्हाईक खूश, एजंटाचा आकडा पुरा आणि अधिकाऱ्याचे डोळे बंद. कायद्याला हे मान्य नाही. देणाराही दोषी आणि घेणाराही. विमा कायद्यातलं एक्केचाळिसावं कलम ते. प्रस्तावाच्या फॉर्मवर अगदी शेवटी बारीक अक्षरात छापलेलं असतं. माझ्या सगळ्या नोकरीत ते मोठ्यानं वाचणारा माणूस मी एकच पाहिला.

तुम्हाला भोकरच्या पुढचे ते गुरुजी आठवतात का? मी तुमच्याबरोबर आलो होतो, मोठी पॉलिसी होणार म्हणून. ओसरीवर सतरंजी टाकली होती. गुरुजींनी पान लावता लावता विचारलं, "अप्पा, किती सोडायलाव?"

"कशातलं?"

"आता कशातलं! तुमच्यातलं. उमरीचा एजंट अर्धं सोडून राहिला."

तुम्ही चष्मा लावला, फॉर्म उलटा करून शेवटचं पान काढलं आणि ते कलम पहिल्यापासून वाचायला लागलात. सावकाश, पोथी वाचावी तसं. गुरुजींच्या मंडळी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं काहीतरी देवाचं चाललंय. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि ट्रे धरून वाचन संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. चहा गार झाला.

गुरुजी वैतागले. "अवो अप्पा, म्या पोरांना शिकवतो. मला नका वाचून दाखवू. सरळ न्हाई म्हणा की!"

"म्या न्हाई म्हणलं तर तुमी म्हणसाल अप्पा चिक्कट हाय. आता सरकारच न्हाई म्हणायलंय. म्या काय करू?"

गुरुजी खो खो हसले आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी उमरीच्या एजंटाकडून विमा घेतला. मी शाखेत ही हकीकत सांगितली आणि त्या दिवसापासून तुमचं नाव 'कलम अप्पा' पडलं. तुम्ही दारातून आत आलात की कुणीतरी ओरडायचं, "उठा रे, कलम आलं!" तुम्ही "शरणार्थी" असा लिंगायतांचा नमस्कार करून हात जोडायचात आणि आपल्या टेबलाशी जायचात. ते नाव मी पाडलं होतं. हेही नोंदीला असू द्या.

त्या गुरुजींवरून आपलं भांडण झालं, शाखेसमोरच्या हॉटेलात. ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणालो, "कमिशन तुमचं, घाम तुमचा. तुम्ही ते कुणाला दिलं तर सरकारचं काय जातं?"

तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, "सरकारचं काईच जात न्हाई. जो मागत न्हाई, त्याचं जातं."

मला कळलं नाही. मग तुम्ही समजावलंत. एकाच गल्लीत दोघांनी एकच विमा घ्यायचा. गुरुजी घासाघीस करणार आणि स्वस्तात नेणार. शेजारची बाई मागायला लाजते, म्हणून ती पुरे पैसे भरणार. "हप्ता वयावर ठरवलाय ना, माधवराव? मंग लाजेवर कामून वाढवायचा?" आणि पुढे म्हणालात, "अन् फुकटात आलेला विमा दुसऱ्या साली कोण भरतंय? बंद पडतोय तो. मंग घरातला माणूस गेल्यावर बाई तो कागद घेऊन तुमच्याच दारात येतीय."

तुमचं म्हणणं मला पटलं होतं. आजही पटतं. पण मी अधिकारी होतो, आणि हॉटेलात आजूबाजूला चार एजंट ऐकत बसले होते. म्हणून मी तुमचं दुखेल तिथं बोट ठेवलं. "मग तुमचा खण-नारळ?"

ते काय होतं हे इथं सांगायलाच हवं. पॉलिसीचा कागद, म्हणजे बाँड, बाकीचे एजंट टपालानं पाठवायचे किंवा गावातल्या कुणाच्या तरी हाती द्यायचे. तुम्ही स्वतः घेऊन जायचात. आणि तो घरच्या पुरुषाच्या हातात कधी द्यायचा नाहीत. वारस म्हणून जिचं नाव लावलंय तिला पाटावर बसवायला सांगायचात. पिशवीतून खण आणि नारळ काढून घरातल्या एखाद्या बाईकडे द्यायचात. ती हळद-कुंकू लावून पाटावरच्या बाईची ओटी भरायची आणि त्या ओटीतच तुम्ही बाँड ठेवायचात. म्हणायचात, "बाई, हे तुमचं हाय. ह्याचं नाव असलं तरी कागद तुमचा. लपवून ठिवा." पुरुष हसायचे. पण अशा घरांत बाँड कधी हरवले नाहीत. वारसाला विम्याची खबरच नव्हती, असंही कधी झालं नाही. मी इतकी वर्षं दावे मंजूर होताना आणि अडकताना पाहिले आहेत. त्या खण-नारळाची किंमत मला कळत होती.

तरी मी म्हणालो, "कलमात 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' असे शब्द आहेत. तुम्हीच तर मोठ्यानं वाचता. मग खण-नारळ अप्रत्यक्षात येत नाही का?"

"ते म्या कागद आल्यावर देतो. सही झाल्यावर. मन वळवायला न्हाई."

"अप्रत्यक्ष म्हणजे अप्रत्यक्ष, अप्पा."

एजंट हसले, मीही हसलो. तुम्ही बशी खाली ठेवलीत. चहा तसाच राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही मला मधूनच विचारायचात, "माधवराव, त्या शब्दाचा अर्थ खरंच तसा हाय का हो?" मी म्हणायचो, "वकिलाला विचारा." माझ्या लेखी तो विषय त्या हॉटेलातच संपला होता.

आता जे सांगतो ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

एका मार्चमध्ये आकडा कमी पडत होता. भोकरच्याच भागातल्या एका गावात, जिथं तुमचीही बरीच घरं होती, माझ्या दुसऱ्या एका एजंटानं बाराएक पॉलिसी केल्या. कुणाचा पुरा, कुणाचा निम्मा पहिला हप्ता त्यानं भरला आणि त्यातला अर्धा पैसा माझा होता. तो एजंट पुढे धंदा सोडून गेला, त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. कल्पना माझीच होती. दोन महिन्यांनी वरच्या कार्यालयात निनावी अर्ज आला: नांदेड शाखेचे एजंट आमच्या गावात विम्यावर पैसे परत देतात, आम्हाला मात्र इतरांपेक्षा कमी दिले. खाली गावाचं नाव होतं. एजंटाचं नव्हतं.

चौकशीला बाहेरचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. मराठी बोलायचे, पण छापील. मराठवाड्यात त्यांची ती पहिलीच फेरी असावी. जीपमध्ये मी त्यांच्याशेजारी बसलो. गावात शिरल्यावर ते म्हणाले, "तुमच्या माहितीतली घरं आहेत. सुरुवात कुठून करायची?"

मी म्हणालो, "बसलिंगप्पांच्या घरांपासून करू."

का म्हणालो? गेली कित्येक वर्षं मी हे वाक्य उलटंसुलटं करून पाहतोय. तुमची घरं स्वच्छ आहेत, तिथं काही सापडणार नाही, दोन-चार घरांत साहेब कंटाळतील आणि परततील, असा माझा हिशोब होता. हे खरं आहे. पण सापडलंच काही, तर ते माझ्या नावावर निघणार नाही, हेही त्या हिशोबात होतं का? अप्पा, मला खरोखर सांगता येत नाही. कधी वाटतं होतं, कधी वाटतं हे मी नंतर स्वतःला शिक्षा म्हणून जोडलं. माणसाला स्वतःच्या मनातलं तरी नक्की ठाऊक असावं ना?

पहिलं घर सुंदराबाईंचं. तिच्या मुलानं विमा घेतला होता आणि वारस म्हणून आईचं नाव लावलं होतं. साहेबांनी वही उघडून विचारलं, "आजी, विमा घेतल्यावर एजंटानं तुम्हाला काही दिलं का?"

सुंदराबाईचा चेहरा उजळला. "दिलं की! आमचे अप्पा हाईत ते. मोकळ्या हातानं यायचे न्हाईत कदी."

"काय दिलं?"

"वटी भरली माझी! सुनंला सांगून भरली. मालक गेल्यापास्नं माझी वटी कुणी भरली न्हवती, साहेब. लेकीच्या लग्नात बी न्हाई. अप्पा म्हणले, कागद हिच्या नावाचा हाय, मंग हिचीच भरा."

साहेबांना यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी विचारलं, "म्हणजे वस्तू दिल्या?"

"दिल्या की! खण दिला, नारळ दिला." एवढ्यात शेजारच्या बाया गोळा झाल्या होत्या. एक म्हणाली, "आमाला पितळी ताट दिलं." दुसरी म्हणाली, "आमाला तर लुगडं!" आणि आत जाऊन खरंच एक लुगडं घेऊन आली. ते तिच्या पोरीच्या लग्नातलं होतं. मी त्या लग्नाला जेवून आलो होतो. सुंदराबाईला ते ऐकून कमीपणा वाटला असावा. ती म्हणाली, "आमाला बी लुगडं देत व्हते, म्याच नको म्हणले."

मला ते सगळं समजत होतं, अप्पा. बाहेरचा मोठा साहेब घरी येऊन विचारतोय, अप्पांनी तुम्हाला काय दिलं? 'काही नाही' म्हणणं म्हणजे अप्पाला हलकं करणं. आणि या घराला कुणी मानपान करण्याच्या लायकीचं समजलं नाही, असं चारचौघांत सांगणं. आपल्याकडे लग्नातला साधा टॉवेल-टोपीचा आहेरसुद्धा लोक दुसऱ्या गावात शालीचा करून सांगतात. त्या बायका तुमची इज्जत राखत होत्या, घरागणिक एकीपेक्षा एक चढून. साहेब लिहीत होते.

पाच घरांनंतर त्यांनी वही मिटली. माझ्या एजंटाच्या त्या बारा घरांकडे गेलोच नाही. जीपमध्ये ते म्हणाले, "हे बसलिंगप्पा लोकांना बरंच काही वाटत असतात की. तुम्हाला कल्पना होती?"

मी म्हणालो, "जुना माणूस आहे."

एवढंच. त्यातून साहेबांनी काय घेतलं ते त्यांना माहीत. मला काय म्हणायचं होतं, ते मला माहीत नाही.

आठ दिवसांनी तुम्हाला शाखेत बोलावलं. मी तिथं होतो. साहेबांनी जबाब वाचून दाखवले. तुम्ही म्हणालात, "लुगडं न्हाई, ताट न्हाई. खण-नारळ दिला." साहेब म्हणाले, खण-नारळाचं ते बघता येईल, ती रीत असू शकते. अप्पा, त्यांनी तुमच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी समोरच्या फायलीची दोरी सोडत होतो. मग तुम्ही म्हणालात, "न्हाई साहेब. कलमात अप्रत्यक्ष असा शब्द हाय. त्या हिशोबानं म्या दिलं." आणि सही केलीत. हॉटेलात चार माणसांना हसवायला मी जो शब्द वापरला होता, तो तुम्ही खरा मानून आपल्या हातानं लिहून दिलात.

एजन्सी गेली. पुढची कमिशनं गेली. तुम्ही लातूरला जाऊन वह्या-पेनांचं दुकान टाकलंत. साहेबांचा अहवाल आला म्हणून चौकशी तिथंच थांबली आणि मी वाचलो.

माझ्या त्या बारा पॉलिसींपैकी बहुतेक दुसऱ्याच वर्षी बंद पडल्या. तुम्ही म्हणाला होतात तसंच. तुमच्या घरांचे हप्ते मात्र येत राहिले. शाखेत सगळ्यांना नवल वाटलं, एजंट नसलेल्या पॉलिसी इतक्या नीट चालतात कशा. त्या चालत राहिल्या म्हणून माझा एकदा सत्कारही झाला. शाल मी घेतली. मग एकदा काउंटरवर एक शेतकरी पोस्टकार्ड घेऊन आला. 'हप्त्याची तारीख जवळ आली आहे. विसरू नये. घरात सर्वांना शरणार्थी. बसलिंगप्पा.' पोस्टकार्डावर लातूरचा शिक्का होता. मी त्याला विचारलं, हे दरवर्षी येतं का? तो म्हणाला, "कार्ड बी येतंय अन् तुरी विकल्या की अप्पा बी येतेत. यष्टीनं."

मी ते कार्ड परत दिलं आणि त्याचा हप्ता घेतला. तुम्हाला त्याबद्दल कधी विचारलं नाही. काय म्हणून विचारणार होतो?

तुम्ही नांदेडला आलात की माझ्या घरी यायचात. हे मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं. रागावला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. एकदाच, माझ्या निवृत्तीनंतर, चहा पिता पिता तुम्ही विचारलंत, "माधवराव, त्या दिवशी जीप आधी कुणाच्या घरी नेलती?"

"आठवत नाही, अप्पा."

"बरं." मग आत वळून म्हणालात, "वैनी, च्या लई ग्वाड केला आज!"

तुम्हाला कळलं होतं का? कळलं होतं म्हणून तुम्ही 'बरं' म्हणालात, की खरंच सहज विचारलं होतंत? मी आता कुणाला विचारू?

शोकसभा झाल्यावर मी गिरिजाच्या घरी गेलो. माणसं पांगल्यावर तिला सगळं सांगितलं, इथं लिहिलंय तसंच, थोडं अडखळत. ती शाळेत शिकवते, ऐकून घ्यायची तिला सवय आहे. शेवटी म्हणाली, "म्हणजे बाबांनी दिलं न्हवतं?"

"नाही."

"काहीच?"

"खण-नारळ."

"ते तर मला माहीत हाय," ती म्हणाली आणि हसली. मग तिनं जे सांगितलं, ते मला ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्यानं विमा घेतला, बाँड घरी आला, तेव्हा तुम्ही पिशवी घेऊन तिच्याकडे गेला होतात. ती तुम्हाला म्हणाली, "बाबा, पुन्हा तेच? ह्याच्यापायी आपलं सगळं गेलं. लोकांना वाटत सुटलाव अन् आमाला शाळेत मान खाली घालायला लावलीत." तुम्ही पिशवी उचलून दुकानात परत गेलात. त्यानंतर विम्याचं नाव तुमच्या दोघांत निघालं नाही. तिनं जन्मभर तुम्हाला लबाडीत सापडलेला बाप मानलं, अप्पा, आणि तुम्ही ते तसंच राहू दिलंत. तुम्हाला स्वतःलाच तसं वाटत होतं का? माझ्या त्या एका शब्दामुळे?

"काका," ती म्हणाली, "तुमी पंधरा दिवस आधी कामून न्हाई आलाव?"

ती उठून आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, "मला एकटीला सांगून भागत न्हाई. ज्यांनी तिथं माना डोलवल्या, त्यांना सांगा. लिहून काढा. छापा."

लिहिण्याआधी मी परवा त्या गावाला जाऊन आलो. सुंदराबाई अजून आहे. कानानं कमी ऐकू येतं, डोळे बरे आहेत. तुम्ही गेल्याचं सांगितलं तशी तिनं भुईला हात लावून कपाळाला लावला. मग म्हणाली, "तो मोठा साहेब आलता न्हवं जीपमंदी? त्याला म्या ठासून सांगितलं व्हतं बगा अप्पांबद्दल. त्यानं काई भलं झालं का अप्पांचं?"

मी तिच्यासमोर बसलो होतो. खरं सांगायलाच निघालो होतो.

"झालं," मी म्हणालो. "लई झालं."

परतीच्या गाडीत मला कळेना, ही दया होती की पुन्हा तीच जुनी सवय. मग एवढं मात्र पक्कं केलं. तिचा नातू पेपर वाचतो, तो कदाचित हे तिला वाचून दाखवेल. म्हणून स्पष्ट लिहितो. सुंदराबाईचं काही चुकलं नाही. तिला मानाचं विचारलंय असं वाटलं, तिनं मानाचं उत्तर दिलं. साहेबांनी कायद्याचं विचारलं होतं, त्यांनी कायद्याचं लिहून घेतलं. दोन्ही भाषा येणारा त्या अंगणात एकच माणूस होता, आणि तो गप्प बसला.

काल हे कागद घेऊन मी लातूरला गेलो. गिरिजानं सगळं वाचलं. डोळे पुसले नाहीत, काही खोडलंही नाही. तिनं माझा मोबाइल उचलून माझ्या हातात दिला. "छापून येईल तवा येईल. बालाजीला फोन लावा. माझ्यासमोर."

मी लावला. तिनं स्पीकर चालू केला.

"बोला साहेब!" मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"बालाजी, शोकसभेत तू जे बोललास ते बरोबर नव्हतं. अप्पांनी कमिशनमधलं कुणालाही, कधीही काही दिलं नाही."

"तसं कसं साहेब? म्या तर कौतुकच केलतं अप्पांचं!"

"माहीत आहे. पण खरं नाही ते."

"म्हणजे... काईच दिलं न्हवतं?" त्याचा आवाज उतरला होता. एखाद्या आवडत्या माणसाबद्दल वाईट कळावं तसा. अप्पा, तुमचा निर्दोषपणा ऐकून तो पोरगा हिरमुसला. आजकाल हे लोक कमिशन फोनवरून परत पाठवतात, बटण दाबलं की झालं. त्यांना तुम्ही त्यांच्यातलेच, फक्त धीट, असे वाटत होतात. "मंग साहेब," तो म्हणाला, "काई देतच न्हवते, तर लोकं त्यांच्याकडून विमा घ्यायचे कामून?"

गिरिजा माझ्याकडे बघत होती. हा प्रश्न तिचाही असावा.

"अप्पा त्यांच्या घरी जायचे, बालाजी. दरवर्षी जायचे. एजन्सी गेल्यावरसुद्धा, यष्टीनं."

मग तो म्हणाला, "थांबा साहेब, गाडी बाजूला घेतो. मंग एजन्सी कशापायी गेली? पहिल्यापास्नं सांगा."

गिरिजानं खुर्ची जवळ ओढली. मी सांगायला लागलो, आणि सुरुवात माझ्यापासून केली.